आमची वाटचाल : पायऱ्या दोनदा दिसल्या तेव्हा

मॅक, विंडोज आणि लिनक्स सर्व्हर एका ऑफिसात नांदवणं हा आमचा धंदा. 2003 साली सांबा 3.0 (लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली विंडोज आणि मॅकला दाखवणारं सॉफ्टवेअर) युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची क्रमांक-पद्धत, घेऊन आलं आणि शेअरवरच्या, म्हणजे सर्वांना खुल्या फोल्डरातल्या, फाइलींना मराठी नावं देणं जमू लागलं. पुढची वर्षं सुरळीत गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग एका स्पर्धकाने आमच्या ग्राहकांकडे चकरा सुरू केल्या. तयार बॉक्स, म्हणजे फाइली ठेवायचा आयता सर्व्हर, स्वस्तात द्यायचा आणि जुना डेटा फुकट हलवून द्यायचा. एकामागून एक एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) गेल्या, पगार काढायची पंचाईत झाली. वर, फाइली उघडेनाशा झाल्यावर तो सांगत फिरला, "आधीच्यांचा सर्व्हरच सडका होता." हे आजही मला सहन होत नाही.

आमच्या पहिल्या ग्राहक, एक आर्किटेक्ट मॅडम, त्यांनीही बॉक्स घेतला होता. पण अडल्यावर फोन आम्हालाच केला. विंडोजवर 'पायऱ्या_अंतिम' एकाच फोल्डरात दोनदा दिसत होती. मॅकवर नाव दिसे, पण क्लिक केलं की फाइल सापडत नाही. मी दोन्ही नावं हेक्सडंपमध्ये, म्हणजे अक्षरांमागचे आकडे दाखवणाऱ्या साधनात, पाहिली. एकात ऱ हे एकच अक्षर, युनिकोड क्रमांक 0931. दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता (टिंब), 0930 आणि 093सी. डोळ्यांना तेच, लिनक्सला दोन वेगळी नावं. कारण लगेच कळलं : डेटा मधल्या टप्प्यावर मॅकच्या एचएफएस प्लस (मॅकची जुनी साठवण-पद्धत) डिस्कवर ठेवला होता. ती डिस्क नावं फोडून साठवते, आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने ती तशीच बॉक्सवर उतरवली. मॅक मात्र सांबाकडे जोडलेलं नाव मागतो. सर्व्हर सडका नव्हता, हलवणाऱ्याने नावं तपासली नव्हती.

कॉन्व्हएमव्ही हा फाइलींची नावं एका रूपात आणणारा प्रोग्राम चालवला, आधी नुसता दाखवण्यापुरता, मग नोटेस्ट लावून, म्हणजे खरोखर नावं बदलायला. जिथे दोन्ही नावं होती तिथे तारखा लावून मॅडमनी स्वतः निवड केली, संध्याकाळ गेली त्यात. पुढे त्यांनीच ओळखीच्या ऑफिसांत आमचं नाव सांगितलं आणि गेलेले बरेच जण परतले.

नव्याने हे काम करणाऱ्यांना सांगतो. फाइंडरमध्ये (मॅकवर फाइली पाहायची खिडकी) तारखेला दिलेली तिरकी रेघ डिस्कवर कोलन होते आणि विंडोजला कोलन चालत नाही. म्हणून मॅक असतील तिथे कॅटिया आणि फ्रूट ही सांबाची दोन्ही मॉड्यूल्स पहिल्या दिवशीच लावा, भरलेल्या शेअरवर नंतर नको. नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब राहू देऊ नका. एयूएक्स, सीओएन अशी फोल्डरं विंडोजवर अडतात. विचित्र टिल्डवाली (~) नावं दिसली म्हणून मँगलिंग, म्हणजे विंडोजला न चालणारी नावं बदलून दाखवणं, बंद करू नका, ती फाइलच यादीतून नाहीशी होऊ शकते. आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून, त्यामुळे ईएक्सटी4 या लिनक्सच्या साठवण-पद्धतीत 255 बाइटांच्या नावात अक्षरं आणि मात्रा मिळून जेमतेम 85 मावतात. लांबलचक नावं देणाऱ्या ग्राहकाला हे कोटेशन देतानाच सांगून टाका.