वागातोरचा बाईक मेळावा आणि आरोंद्याच्या परसातला तंबू

दिवाळी सरली की पुण्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या बोलण्यात गोव्यातल्या वागातोरचे नाव येऊ लागते. २०१३ मध्ये गोव्यात सुरू झालेला इंडिया बाईक वीक आणि पूर्वी रायडर मेनिया म्हणून ओळखला जाणारा, २०२३ पासून मोटोव्हर्स हे नाव धारण केलेला रॉयल एनफिल्डचा मेळावा, या दोन्हींचा वागातोरच्या टेकडीशी जुना संबंध आहे. २०२१ मध्ये बाईक वीक लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीत भरला होता, तेव्हा पुणेकरांना घरून जाऊन-येऊनही तो पाहता आला. वागातोरला मात्र मुक्काम टळत नाही. तिकीट आधीच काढून ठेवले तर ते परवडते आणि पेट्रोलचा खर्च माहीत असतो, पण मेळाव्याच्या दिवसांत वागातोर, हणजुणे आणि शिवोली या पट्ट्यात खोलीचे भाडे एवढे चढते की नुकतीच नोकरी लागलेला तरुण स्वार तेवढ्यावरूनच बेत रद्द करतो. या मंडळींनी तंबू घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते; मात्र तो कुठे टाकायचा याचा विचार पुण्यातून निघण्यापूर्वीच पक्का व्हायला हवा.

पहिला मोह समुद्रकिनाऱ्याचा होतो आणि तो सोडावा, याची कारणे एकाहून अधिक आहेत. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि मद्यपान करणे यांवर बंदी आहे. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने त्यासाठी एका व्यक्तीला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये दंड ठरवला होता. म्हणजे वाळूवर तंबू ठोकून शेगडी पेटवणाऱ्या चार मित्रांची वाचलेली सगळी रक्कम एका संध्याकाळी जाऊ शकते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोरजी आणि मांद्रे येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि त्यांचा हंगाम साधारण याच सुमारास सुरू होतो. तंबूतले दिवे, मोटारसायकलचे हेडलाईट आणि माणसांची वर्दळ यांमुळे मादी अंडी न घालताच समुद्रात परत फिरते. आपल्या दोन रात्रींच्या सोयीसाठी असे होऊ देणे मला मान्य नाही.

म्हणून माझा सल्ला असा की मुक्काम तेरेखोल नदीच्या अलीकडे, सिंधुदुर्गात करावा. आरोंदा, शिरोडा, रेडी या गावांतली घरे मोठ्या परसाची, नारळी-पोफळीच्या वाड्यांची आहेत आणि बऱ्याच ठिकाणी घरगुती जेवणाची सोयही होते. आरोंद्याहून पूल ओलांडला की किरणपाणी, तिथून हरमल, पुढे शिवोलीचा पूल आणि मग वागातोर, असा साधारण तासाभराचा रस्ता आहे. रोज एवढे जाणे-येणे पडते हे खरे, पण सकाळी नदीच्या काठाने निघालेली मोटारसायकल हा मेळाव्याइतकाच आनंदाचा भाग आहे. यात एक अट मात्र निर्विवाद आहे: ज्याला रात्री तासभर गाडी चालवून तंबूपर्यंत परतायचे आहे, त्याने मेळाव्यात दारूला स्पर्श करू नये. ज्याला ते जमणार नाही, त्याने पैसे खर्चून वागातोरलाच चालत जाण्याच्या अंतरावर खोली घ्यावी.

जागा मागण्याची रीत सांभाळली पाहिजे. दिवस मावळायच्या आत गावात पोहोचावे, हेल्मेट काढून, गाडी बंद करून दाराशी जावे आणि ‘काकू, दोन रात्री तुमच्या परसात तंबू टाकला तर चालेल का’ असे सरळ विचारावे. किती जण आहोत, रात्री किती वाजता परतू आणि गाड्यांचा आवाज होईल का, हे तिथेच सांगावे. रात्री परतताना गावाच्या वेशीपासून गाडी हळू आणावी, एक्झॉस्ट मोठ्या आवाजाचा असेल तर शेवटचा थोडा टप्पा ढकलत न्यावी. बहुतेक घरे पैशांचा विषय काढत नाहीत, ‘असूं दे, रवा’, म्हणजे असू दे, राहा, म्हणतात. अशा वेळी जेवण त्यांच्याकडेच घ्यावे, त्याचे ठरलेले पैसे निघताना द्यावेत आणि जागेचेही काहीतरी आग्रहाने हातात ठेवावे. काटकसर करायची ती हॉटेलच्या बिलात, ज्या माणसाने आपल्याला अंगण दिले त्याच्या हिश्शात नव्हे. एका गटाने बाटल्या आणि प्लास्टिक टाकून ठेवले की त्या वाडीचे दार पुढच्या सगळ्या स्वारांना बंद होते.

तंबू टाकताना कोकणातली जमीन समजून घ्यावी लागते आणि पुण्याहून आलेल्याला ती सह्याद्रीच्या माळापेक्षा अगदी वेगळी वाटते. पावसाळा संपला की घरापुढचे खळे नव्याने चोपून, शेणाने सारवून तयार केलेले असते. त्यावर मेखा ठोकणे म्हणजे त्या घराच्या मेहनतीवर घाव घालणे. खळ्यातच जागा मिळाली तर मेखांशिवाय उभा राहणारा, कमानीच्या दांड्यांचा तंबू हवा आणि तोही घरच्यांना विचारून. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभा दगड असतो, तिथे मेख आत शिरतच नाही, ती वाकते. अशा ठिकाणी दोऱ्या मोठ्या चिऱ्यांना बांधाव्यात, त्यासाठी चार-पाच मीटर जादा दोरी बरोबर असावी. रेताड जमिनीत मेख धरत नाही, तेव्हा कापडी पिशवीत रेती भरून, तिला दोरी बांधून ती पिशवी पुरावी. साध्या मातीत मेख तंबूच्या उलट बाजूला कलती ठोकली की ताण नीट बसतो. माड कितीही सुंदर दिसले तरी नारळाच्या झाडाखाली तंबू कधीही टाकू नये, कारण नारळ आणि वाळलेली झावळी पडताना कोणतीही सूचना देत नाहीत. जांभ्याच्या कातळात फुरसे असते, हा विषारी साप लहान आणि मातकट असल्यामुळे चटकन दिसत नाही. त्यामुळे दगडांच्या गडग्याला चिकटून झोपू नये, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत घालू नये.

किनारपट्टीवर या दिवसांत थंडी सोसवते, त्रास देते ते दव. पहाटे तंबूच्या बाहेरच्या कापडावरून पाणी ओघळत असते आणि आतल्या माणसांच्या श्वासाची वाफही त्यात भर घालते. म्हणून एकाच कापडाच्या स्वस्त तंबूपेक्षा आतली जाळी आणि वरचे वेगळे आच्छादन असलेला दुहेरी तंबू घ्यावा, दोन्हींत हाताएवढी हवा खेळू द्यावी आणि झडपा पूर्ण बंद करू नयेत. खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा थोडा लहान असावा. बाहेर आलेली कड दवाचे पाणी गोळा करून आपल्याच पाठीखाली आणते. हा कागद आणि दोऱ्या मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतो, गाडीचे पट्टे आणि किरकोळ सुटे भाग नाना पेठेतून. पहिल्याच वर्षी तंबू विकत घेण्याची घाई करू नये. पुण्यात ट्रेकिंगचे साहित्य भाड्याने देणारी दुकाने आहेत आणि दोन रात्रींसाठी तेच शहाणपणाचे ठरते.

सामान बांधताना जड वस्तू खाली आणि स्वाराच्या जवळ, हलक्या वर, हा नियम. हत्यारे, पंक्चरचे साहित्य, पाणी आणि जेवणाचे डबे दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगांत समसमान विभागावेत. तंबू आणि मॅट मागच्या सीटवर आडवी, रुंद पट्ट्यांनी आवळून. बंजी कॉर्डवर, म्हणजे हूक असलेल्या लवचिक दोरीवर, एकट्या भिस्त ठेवू नये, कारण तिचा हूक सुटून चाकात गेला तर गाडी पडते. मऊ जमिनीत साईड स्टँड रुतून गाडी कलंडते, त्यासाठी तळहाताएवढा पत्र्याचा किंवा प्लायवूडचा तुकडा न विसरता घ्यावा.

स्वयंपाकाविषयी मी आग्रहाने सांगेन की शेगडी नेऊच नये. गॅसचे डबे, भांडी आणि धुण्याचे पाणी यांचे ओझे दोन दिवसांसाठी व्यर्थ आहे. पहिल्या दिवसाला घरून दशम्या, लसणीची चटणी आणि गूळ-शेंगदाणे न्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दडपे पोहे: पातळ पोहे, मीठ, साखर आणि तेलात करून आणलेली कोरडी फोडणी पुण्याहून, ओला नारळ, कांदा आणि लिंबू गावातून, चूल न पेटवता चार जणांची न्याहारी होते. रात्रीचे जेवण घरमालकिणीकडे, म्हणजे ताजे मासे मिळतात आणि पैसेही योग्य ठिकाणी जातात. मेळाव्याच्या आवारात खाणे महाग असते, तिथे चहापाण्यापुरतेच थांबावे.

रस्त्याचा हिशेब सोपा आहे. पहाटे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला तर खंबाटकीला ट्रकांची गर्दी लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. कोल्हापूरपर्यंत सुमारे २३० किलोमीटर, पुढे संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी. आंबोलीच्या वळणांवर अंधार आणि धुके दोन्ही नकोत, म्हणून घाट दिवसाउजेडी उतरावा. स्थानिक फिरणे धरून एकूण हजारएक किलोमीटर होतात. लिटरला ३५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला २८-२९ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. दोघे एका गाडीवर आले तर तो खर्चही वाटला जातो. गोव्यात कर कमी असल्याने पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळत आले आहे, तेव्हा जाताना टाकी गरजेपुरती ठेवावी आणि मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी आरोंद्याकडे परतताना गोव्याच्या हद्दीतच ती पूर्ण भरून घ्यावी.

निघायच्या सकाळी तंबू दवाने ओला असतो आणि ऊन चढेपर्यंत थांबायला वेळ नसतो. तो तसाच गुंडाळून सगळ्यात वर बांधावा, कोल्हापूरच्या अलीकडे जेवणासाठी थांबू तिथे अर्धा तास उन्हात पसरावा आणि पुण्यात पोहोचल्यावर, कितीही दमलो असलो तरी, दुसऱ्या दिवशी गच्चीवर पूर्ण वाळवावा, नाहीतर शिवणींना बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर सुटू लागतो. भाड्याचा तंबू असेल तर तो वाळवून, मेखा मोजून परत करावा. अनामत रक्कम त्यावरच अवलंबून असते.