शोधणारी बाई दमलेली असते

"अगं एवढ्या ठिकाणी अप्लाय केलंय त्याने, पण कोणी ढुंकूनसुद्धा बघत नाही" असं आमच्या सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये सांगतात तेव्हा मी मोबाईलमध्ये डोकं घालते, कारण ते ढुंकून न बघणारं जे कोणी असतं ना, ती मीच. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्याशा कन्सल्टन्सीत बसून ठाणे, ऐरोली, रबाळे, महापे इथल्या कंपन्यांना माणसं शोधून द्यायची हा माझा धंदा.

लोकांना वाटतं आपण अप्लाय दाबलं की तिकडे कोणीतरी चष्मा पुसून रिझ्युमे पहिल्या ओळीपासून वाचायला घेतं. तसं काही नसतं हो. एक साधी अकाउंट्सची पोस्ट टाकली तरी शेकड्याने अर्ज येतात आणि त्यात हॉटेलातला शेफ असतो, सिव्हिल इंजिनिअर असतो, म्हणजे दिसेल तिथे बटण दाबत सुटलेले. मग तो ढीग तसाच राहतो आणि आम्ही नोकरीच्या साइटच्या डेटाबेसमध्ये स्वतःच सर्च मारतो. टॅली, जीएसटी, टीडीएस, अनुभव दोन ते पाच वर्षं, ठाणे-नवी मुंबई, नोटीस पिरियड तीस दिवसांच्या आत, एंटर. समोर येतात नुसत्या पट्ट्या: नाव, सध्याचं पद, पगार, गाव, चार-पाच स्किल्स आणि प्रोफाइल शेवटचं कधी अपडेट केलं ते. एका पट्टीला काही सेकंद मिळतात, तेही क्लायंटचा "एनी अपडेट?" असा मेल येऊन पडलेला असताना. फाईल उघडली जाते ती त्यानंतर, उघडली तर.

आता मला सांगा, त्या डब्यात मी "डायनॅमिक" कशाला टाईप करेन? "हार्डवर्किंग", "टीम प्लेयर", "आव्हानात्मक संधीच्या शोधात" हे सगळे शब्द रिझ्युमेत अगदी वर बसलेले असतात आणि आजतागायत कोणी ते शोधलेले नाहीत. एका मुलाने हेडलाईनमध्ये "इनडायरेक्ट टॅक्सेशन प्रोफेशनल" लिहिलं होतं, ऐकायला भारी, पण २०१७ च्या जुलैपासून अख्खा देश ज्याला जीएसटी म्हणतो तो शब्द प्रोफाइलमध्ये कुठेच नाही. काम काय करतोस विचारलं तर म्हणाला, दर महिन्याला वीस तारखेच्या आत थ्रीबी (जीएसटीचं रिटर्न) भरतो, खरेदीची बिलं टू-बीशी (पोर्टलवर येणारी व्हेंडरांच्या बिलांची यादी) मॅच करतो, व्हेंडर लोकांच्या मागे लागतो. अरे मग हेच लिही ना बाबा! हेच तर शोधतोय आम्ही.

आणि ते डिझाईनवाले रिझ्युमे. दोन कॉलम, डावीकडे निळा पट्टा, फोटो, आणि टॅलीला पाचपैकी चार तारे (दिले कोणी?). माणसाला दिसायला छान, पण कंपनीचं सॉफ्टवेअर तो वाचताना बऱ्याचदा दोन कॉलम एकमेकांत कालवतं आणि कॉलेजच्या नावात मोबाईल नंबर घुसतो. साधी वर्ड फाईल, एका खाली एक, एवढं पुरतं.

बाबांच्या कपाटात अजून सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आहे, घडीवर फाटलेलं. तिकडचा हिशोब सरळ होता, नाव जितकं जुनं तितका कॉल आधी, फक्त मुदतीत रिन्यू करायचं, नाहीतर सीनियॉरिटी गेली. १९९७ ला नोकरी डॉट कॉम आलं, मग बाकीच्या साइट्स आल्या आणि हा हिशोब बरोब्बर उलटा झाला. आता जुनं नाव म्हणजे गावदेवी मार्केटमधली कालची मेथी. सहा महिने हात न लावलेलं प्रोफाइल बघून मी धरूनच चालते की हा कुठेतरी चिकटला. म्हणून आठवड्याला एकदा लॉगिन करून एखादी ओळ बदला म्हणतात ते उगाच नाही. फालतू वाटतं, मलाही वाटतं, पण लिस्टमध्ये वर येतं.

नोटीस पिरियडचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. कंपनी स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस सोडत नाही आणि नवा माणूस पंधरा दिवसांत मागते, तीच कंपनी! राजीनामा दिला असेल तर शेवटची तारीख प्रोफाइलवर टाका, निदान त्या फिल्टरमधून गळणार नाही. राहण्याचं ठिकाणही नीट टाका. डोंबिवलीचा मुलगा ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गाडी बदलून घणसोलीला उतरू शकतो हे मला माहितीये, पण पुण्यातल्या एचआरला काय कळणार, तिला प्रोफाइलवर कॉलेजच्या वेळचं रत्नागिरी दिसतं. (आणि कोणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा, नोकरी लावणारा पोरांकडून पैसे घेत नाही.)

एवढं सगळं जुळून आलं तरी शेवटी फोन उचलावा लागतो. आमचा नंबर ट्रूकॉलरवर लाल, स्पॅम. दिवसभर पोरं मला कट करतात आणि संध्याकाळी त्यांच्या आया मला लिफ्टमध्ये गाठतात.

परवा महापेच्या एका पोस्टसाठी कळव्याच्या मुलाला फोन लावला तर आईने उचलला. "तो आंघोळीला गेलाय, बोला." मी म्हटलं नंतर करते, तर म्हणाल्या थांबा हो मॅडम, पेन घेते, आणि मग सुरू झाल्या: कंपनी काय बनवते, पगार हातात किती, शनिवार हाफ डे की फुल, स्टेशनवरून बस आहे का, पीएफ कापतात ना. क्लायंटनेसुद्धा मला एवढं विचारलं नव्हतं. दोन गोष्टींची उत्तरं माझ्याकडे नव्हती, ती मी क्लायंटला विचारून घेतली. मुलाचा ओल्या केसांनी उलटा फोन आला, असावा असं आपलं मला वाटलं, आणि पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आईने सगळं सांगितलंय, शुक्रवारी चालेल."