ढिगारा नव्हे, फेऱ्या मोजा

बेकायदा टाकलेल्या कचऱ्याबद्दल मी केलेली पहिली तक्रार अगदीच कुचकामी होती. बंद पडलेल्या खाणीच्या कडेला साचलेल्या ढिगाचे पाच-सहा फोटो काढले, 'परिसरात दुर्गंधी पसरली असून तातडीने कारवाई व्हावी' असे एक वाक्य लिहिले आणि संबंधित कार्यालयाकडे धाडून दिले. महिनाभराने उत्तर आले की जागेची पाहणी केली, कचरा आढळला, टाकणारा अज्ञात आहे. तेव्हा संताप आला. आज वाटते की मी दिलेल्या माहितीवर दुसरे उत्तर येणार तरी कोणते होते? ढीग तर कोणालाही दिसत होता.

माझी चूक अशी की मी त्याला बेशिस्त समजत होतो. रात्रीच्या वेळी कोणीतरी फोडलेल्या भिंतींचा राडारोडा ओतून जाते ती बेशिस्त असू शकते. पण एकाच जागी ठरावीक दिवशी डंपर येत असतील आणि पिंपांवरची लेबले खरवडून काढलेली असतील, तर मागे हिशेब असतो. त्या खाणीत मी पाहिलेल्या निळ्या पिंपावर लेबलाचा फक्त चौकोनी डिंक उरला होता आणि त्याच्या बुडाशी हातभर रुंदीचे गवत पिवळे पडले होते. ज्याला काही लपवायचे नसते, तो लेबल खरवडत बसत नाही.

हा हिशेब समजायला सोपा आहे. इतर धंद्यांत माल उचलताना पैसे मोजावे लागतात, इथे तो उचलण्याचेच पैसे मिळतात. रासायनिक गाळ, वापरलेले द्रावक किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे यांची रीतसर विल्हेवाट लावणे महाग असते. ती लावण्याच्या बोलीवर कारखान्याकडून पैसे घ्यायचे आणि खर्च मात्र करायचाच नाही, की सगळी रक्कम खिशात. चोराला निदान चोरीच्या मालासाठी गिऱ्हाईक शोधावे लागते, इथे तेवढीही यातायात नाही. मधे दोन-तीन दलाल घातले की प्रत्येक टप्प्यावर कागद बदलतो आणि घातक गाळ कागदोपत्री भरावाची माती होऊन बाहेर पडतो. काही टोळ्या गोदाम भाड्याने घेतात, ते छतापर्यंत गठ्ठ्यांनी भरतात आणि भाडे थकवून पसार होतात, आणि तो कचरा हटवण्याचा भुर्दंड मालकाच्या गळ्यात पडतो. अशा गोदामांना 'अचानक' लागणाऱ्या आगींविषयी वेगळे काही सांगायला नको.

कागदावर नाव बदलले की काय होते, याचे जुने उदाहरण 'खियान सी' या जहाजाचे आहे. फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीची सुमारे 14,000 टन राख घेऊन ते 1986 मध्ये निघाले. देशामागून देश त्याला नाकारत गेले. अखेर हैतीच्या गोनाईव्ह बंदराजवळ खत म्हणून सुमारे 4,000 टन राख किनाऱ्यावर उतरवली गेली. पुढे जहाजाचे नाव दोनदा बदलले आणि उरलेली राख समुद्रात गेली. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण आणणारा बाझल करार 1989 मध्ये झाला, त्यामागे अशाच प्रकरणांचा दबाव होता.

मात्र या गुन्ह्याचे खरे रूप इटलीत दिसते. नेपल्स आणि कॅझर्टा या प्रांतांतल्या पट्ट्यात कॅमोरा या तिथल्या माफिया संघटनेच्या टोळ्यांनी वर्षानुवर्षे औद्योगिक कचरा पुरला आणि जाळला. त्यावरून त्या भागाचे नावच 'आगींची भूमी' पडले. टोळीतून फुटलेल्या कार्मिने स्कियावोने याने 1997 मध्ये संसदीय समितीपुढे हे सांगितले, पण ती साक्ष जनतेसमोर यायला 2013 उजाडले. 30 जानेवारी 2025 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इटलीला जगण्याच्या हक्काचे रक्षण न केल्याबद्दल दोषी ठरवले; त्या टापूत 90 नगरपालिका आणि सुमारे 29 लाख लोक येतात. साक्ष दाबून ठेवण्याची किंमत तिथल्या शेतकऱ्यांनी मोजली, हे मला आगीपेक्षाही जास्त अस्वस्थ करते.

म्हणून तक्रार ढिगाऱ्याची नको, फेऱ्यांची करावी. वाहनाचा क्रमांक, त्याचा रंग, दारावरचे नाव, तारीख, वेळ, ते किती वेळ थांबले आणि काय उतरवले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. क्रमांक अर्धाच दिसला तर अर्धाच लिहावा, अंदाजाने पूर्ण करू नये. फोटो लांबून, आपल्या वाटेवरूनच काढावा आणि त्याची मूळ फाइल जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली स्थळाची नोंद पुसली जाते. पिंप उघडू नये, हलवू नये, वासही घेऊ नये. चालकाला अडवून जाब विचारण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. ही माणसे साधी नसतात आणि सावध झाली की जागा बदलतात. समाजमाध्यमांवर आधी गाजावाजा करण्याचाही परिणाम तोच होतो. द्रव ओढ्याकडे वाहत असेल किंवा धूर निघत असेल, तर मात्र लेखी तक्रारीची वाट न पाहता आपत्कालीन सेवेला फोन करावा.

लेखी तक्रार पर्यावरण नियंत्रण यंत्रणेकडे द्यावी, तिची प्रत स्थानिक प्रशासनाला आणि पोलिसांना द्यावी आणि तिन्हीकडून पोच क्रमांक घ्यावा. नाव गुप्त ठेवायचे असेल तर ते सुरुवातीलाच लिहावे. पुढची फेरी दिसली की नवी तक्रार न करता त्याच क्रमांकावर भर घालावी. सुट्या पाच तक्रारी पाच टेबलांवर पडून राहतात.

दुसऱ्या खेपेला मी चार फेऱ्यांच्या नोंदी दिल्या आणि आठवड्यात फोन आला. समोरच्या अधिकाऱ्याने एवढेच विचारले की डंपर येताना कोणत्या रस्त्याने वळला होता, कारण त्यावरून माल कुठून निघाला हे शोधता आले असते. ते मी टिपले नव्हते. आता माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे.