अरुंद खोली, अपडेट 7: कंदिलाचं गणित सुटलं, प्लॅन मात्र बदलला

माझ्या चिंचोळ्या खोलीला मोरोक्कन रूप द्यायचं काम चालू आहे. मागच्या वेळी शेवटी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना की आता फक्त कंदील टांगायचा राहिलाय, तासाभराचं काम. तर तो तास तीन आठवडे चालला. सेदारीच्या (भिंतीलगतच्या मोरोक्कन बैठकीच्या) गाद्या, कमान, गालिचा सगळं बाजूला ठेवून आज फक्त कंदील, कारण काल रात्री साडेअकराला भिंतीवर एकदाची आठ टोकांची चांदणी उमटली आणि मी अंधारात एकटीच टाळ्या वाजवल्या.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी मापं: खोली 2.1 मीटर रुंद, 5.4 लांब. कंदील पितळी, हाताने छिद्रं पाडलेला, पोट 20 सेंमी, म्हणजे बल्बपासून पत्रा 10 सेंमीवर. भोकं दोन प्रकारची, 12 मिमीच्या चांदण्या आणि त्यांच्यामधे 4 मिमीचे ठिपकेच ठिपके.

पहिला बल्ब दुधी काचेचा लावला, घरात होता म्हणून. भिंत नुसती पिवळट झाली, नक्षी वगैरे काही नाही, कंदील झाकलाय की उघडा कळेना. विकणाऱ्याच्या फोटोत अख्ख्या भिंतीवर जाळी पसरलेली, आता झूम करून बघते तर सगळ्या चांदण्या एकाच मापाच्या आणि कोपऱ्यात भिंत वळते तिथे नक्षी वळतच नाही. सरळसरळ वरून चिकटवलेली. असो, पितळ तरी खरं निघालं, मागचा तर लोखंडावर मुलामा होता.

मग सगळे म्हणतात म्हणून क्लिअर काचेचा फिलामेंट एलईडी आणला. लावला, लाइट बंद केले, आणि लेक म्हणतो, आई, भिंतीवर काड्यापेटी सांडलीये का? खरंच तसंच! प्रत्येक भोकासमोर चार तिरक्या काड्या, एकमेकींवर चढलेल्या, चांदणी एकही नाही. मला वाटलं भोकांच्या आतल्या कडा खडबडीत आहेत म्हणून असेल, तर उंदीरशेपटी कानस घेऊन दोन संध्याकाळी एकेक चांदणी आतून घासत बसले (ही कानस मात्र घ्याच, या अख्ख्या खोलीत सगळ्यात जास्त तीच वापरलीये). बोटं काळी झाली, काड्या तशाच. बल्ब वर घेतला, खाली घेतला, काड्या फक्त सरकल्या. डिमर लावला तर काड्या लुकलुकायला लागल्या, तो डिमर एलईडीचा नव्हताच, ती चूक माझी.

डोक्यात प्रकाश पडला तो भलत्याच वेळी, दुपारी झाडाखाली उभी असताना. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात पण जमिनीवर कवडसे पडतात ते गोल. कारण तो फटीचा आकार नसतोच, सूर्याचा असतो, म्हणून तर ग्रहणात तेच कवडसे कोरीसारखे दिसतात. म्हणजे माझी भिंत मला इमानदारीत बल्बच्या आतल्या चार फिलामेंटचा (उजळणाऱ्या काड्यांचा) फोटो काढून दाखवत होती आणि मी बिचाऱ्या पितळाला घासत बसले होते.

घरी येऊन कागद घेतला. बल्बपासून पत्रा 10 सेंमी, पत्र्यापासून भिंत 95 सेंमी, म्हणजे उजेड देणारी वस्तू जेवढी मोठी त्याच्या साडेनऊ पट पसारा भिंतीवर. दुधी बल्ब 6 सेंमीचा, तर पसारा 57 सेंमी, सगळ्या चांदण्या एकमेकींत विरघळणारच. फिलामेंट 3 सेंमीचं, तर साडेअठ्ठावीस सेंमीची काडी. आणि 12 मिमीची चांदणी भिंतीवर उमटायला हवी 12.6 सेंमीची. तिच्या दुपटीहून लांब काडीत ती दिसणार कुठून? मोठा कंदील घ्या, भिंत लांब घ्या, असे जे सल्ले मिळाले त्यांनी नुसती नक्षीची साइज बदलते, धार जवळपास तेवढीच राहते. धार हवी तर उजेडाचा ठिपका भोकापेक्षा लहान हवा. बास, एवढंच होतं ते!

मग दोन पिनांचा 12 व्होल्टचा कॅप्सूल हॅलोजन बल्ब आणला, त्याचं फिलामेंट जेमतेम 4 मिमी. कडेला चारेक सेंमीची धूसर झालर राहते पण चांदणी चांदणीच दिसते, टोकं मोजता येतात. 4 मिमीचे ठिपके अजून पुसट गोळेच आहेत, त्यांचं काही होणार नाही, गणितातच बसत नाही. ट्रान्सफॉर्मर वर कपाटात लपवलाय. 20 वॉटचा लावला होता तर दोन तासांत कंदिलाच्या टोपीला हात लावेना, आता 10 वॉटवर आलेय आणि झालर लावलेल्या पडद्यापासून कंदील लांब ठेवलाय. तुम्हीपण ठेवा.

आता आनंदाचा भाग संपला. चांदण्या धारदार झाल्या आणि मग कळलं की चिंचोळ्या खोलीत मधोमध टांगलेला कंदील म्हणजे डोकेदुखी. दोन्ही भिंती एकेक मीटरवर, चांदण्या माणसांच्या तोंडावर, पुस्तकावर, उशांवर, आणि पंखा लागला की कंदील हलतो आणि अख्खी खोली बोटीसारखी डोलते. शिवाय लांब भिंतीवर जसजसं दूर जावं तसतशा चांदण्या तिरप्या पडून लांबट होतात, त्यामुळे खोली आणखीच बोगद्यासारखी वाटते. म्हणजे जे लपवायला चार महिने खपतेय तेच अधोरेखित झालं.

मोरोक्कोतल्या फेस, मराकेश या शहरांच्या जुन्या घरांतल्या खोल्यासुद्धा अशाच लांब आणि चिंचोळ्या असतात, देवदाराची तुळई जेवढी लांब मिळेल तेवढीच खोली रुंद. पण त्यांचं दार लांब भिंतीच्या मधोमध असतं आणि अंगणात उघडतं, आत शिरलं की समोरची भिंत जवळच असते. माझं दार आखूड भिंतीत, शिरल्याशिरल्या नजर सुसाट शेवटपर्यंत. तर नजरेला शेवटी काहीतरी द्यायचं, म्हणून कंदील मधून काढून समोरच्या आखूड भिंतीपासून 45 सेंमीवर, ब्रॅकेटवर, खाली टांगायचा असं ठरवलं. तिथे चांदण्या पाच-साडेपाच सेंमीच्या, दाट आणि झळझळीत पडतील. खोलीकडच्या अर्ध्या भागाला आतून ॲल्युमिनियमची फॉइल टेप, म्हणजे डोळ्यात उजेड नको आणि लांब भिंतींवर लांबट चांदण्या नकोत.

मग काल रात्रीच टॉर्चने चाचणी घेतली आणि पोटात गोळा आला. ती आखूड भिंत मी अपडेट 4 मधे मजोरेल ब्लू, म्हणजे गडद झळझळीत निळी केलीये. रंगाचे तीन हात, सगळ्यांनी बदामाचे इमोजी पाठवलेले. पिवळा उजेड पडला की निळा रंग तो गिळूनच टाकतो, चांदण्या धुळीच्या डागांसारख्या दिसतात. त्यात मी हौसेने त्यावर तादेलाक्तसारखी (घोटून चकचकीत केलेल्या मोरोक्कन चुन्याच्या गिलाव्यासारखी) चकाकी आणली होती, त्यामुळे मधोमध कंदिलाचाच एक चमकता डाग. तो रंग 1937 मधे फ्रेंच चित्रकार मजोरेलने मराकेशच्या बागेतल्या आपल्या स्टुडिओला दिला, तो भर उन्हात, हिरव्या झाडांमधे बघायचा. बंद खोलीत रात्री 10 वॉटवर त्याच्याकडून काय अपेक्षा करणार, मी उगाच त्याला आत ओढलं.

म्हणून नवा प्लॅन, जो सकाळपर्यंत नव्हता: 90 सेंमीच्या खाली निळा तसाच, वर पांढरा मॅट चुना, आणि दोघांच्या सांध्यावर झेलीजची (चकचकीत रंगीत मोरोक्कन टाइल्सची) एकच ओळ, मागच्या उरलेल्या तुकड्यांची. मोरोक्कोतही खाली झेलीज, वर गिलावा, टोकाला लाकूड अशीच रचना असते, त्यामुळे पळवाट आहे असं कुणी म्हणू नका. तो गुळगुळीत थर घासल्याशिवाय चुना धरणार नाही, 80 नंबरचा पॉलिश पेपर आणि मास्क काढून ठेवलेत.

हॅलोजनऐवजी एकच बारीक सीओबी चिप (दाटीने बसवलेल्या एलईडींची छोटी चकती) वापरली तर? ती एकाच बाजूला उजेड फेकते, भिंतीकडे तोंड करून बसवली तर टेपसुद्धा लागणार नाही बहुतेक, आणि टोपीही तापणार नाही. चिप 5 मिमीची आहे, चांदणी 12 ची. कुणी कंदिलात बसवली असेल तर मागे हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) कशी लपवली ते सांगा, मी सध्या भिंतीला घासतेय आणि छतात मधोमध पाडलेलं हुकचं भोक पुट्टीने बुजवतेय.