मुंगळ्याची राणी: पावसाळी नोंदी, पुणे

जून. दमदार पावसानंतर दिव्याखाली उतरलेल्या मुंगळ्याच्या (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) राण्यांतली पंख गळालेलीच घेतली, घरी नळीत तिची वसाहत वाढवायला. 16 × 150 मिमीची टेस्ट ट्यूब, एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. आतला बोळा सैल राहिला तर पाणी झिरपून अंडी भिजतात. खाणं द्यायचं नाही. उडण्याचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवूनच ती पहिल्या अळ्या पोसते. मधाच्या थेंबाने फक्त बुरशी येते. पंख गळाले म्हणजे मीलन झालंच असंही नाही. न फळलेल्या अंड्यांतून नुसते नर निघतात, त्यामुळे कामकरी मुंग्या दिसेपर्यंत खात्री नाही.

जुलै. कोष तयार. एका टोकाला काळा ठिपका दिसतो, तो अळीने टाकलेला मळ. बुरशी समजून नळी बदलू नका, हलवाहलवीने राणी बिथरून पिलावळ खाते.

ऑगस्ट. पहिल्या कामकरी आल्या, नेहमीपेक्षा बारक्या, असंच असतं. आता साखरपाणी (1 भाग साखर, 4 भाग पाणी) आणि उकळत्या पाण्यातून काढलेलं झुरळाचं पिल्लू, उरलेलं दुसऱ्या दिवशी बाहेर.

खरा धोका घरातल्या बारीक पिवळसर मुंग्यांचा (मोनोमोरियम फॅराओनिस). कापसाच्या फटीतून शिरल्या तर सगळी पिलावळ लुटून नेतात. त्यांना चढू न देण्यासाठी कडेला लावतात तो टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा लेप पावसाळी दमटपणात गोळे होऊन गळतो. त्यापेक्षा दुधाच्या पातेल्याखाली ठेवतात तशी पाण्याची परात बरी, पण साबणाचा थेंब हवाच. नाहीतर पाण्यावर धूळ साचते आणि तिच्यावरून त्या आरामात पलीकडे जातात.

या पिवळसर मुंग्यांवर स्प्रे मारू नका. एका वारुळात राण्या अनेक. विषाचा वास लागला की वसाहत फुटते आणि एकाच्या जागी चार ठिकाणी बसते. त्याऐवजी विषारी आमिष: 100 मिली कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर, 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. बोरिक जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते, राणीपर्यंत काही पोचत नाही. कॅरमची पावडर बोरिक असेलच असं नाही, पाकीट वाचून घ्या. आमिष रांगेच्या कडेला, मुलांच्या आणि मांजराच्या हाताबाहेर, सुकलं की नवं. काही आठवडे लागतात. पहिले दिवस गर्दी वाढते, ती पुसायची नाही.

आणि डासांची लिक्विड मशीन नळ्यांच्या खोलीत नको. तिच्यातली पायरेथ्रॉइडं (कीटकनाशकं) मुंग्यांनाही मारतात.