छत्तीस वर्षं महापौर

हेझल मॅककॅलियन यांच्याबद्दल कधीपासून लिहायचं होतं. कॅनडात टोरांटोला लागून मिसिसागा नावाचं उपनगर आहे, तिथल्या त्या 1978 ते 2014 सलग महापौर, म्हणजे रिटायर झाल्या तेव्हा वय 93!

मला सगळ्यात भिडतो तो नोव्हेंबर 1979 चा प्रसंग. महापौर होऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि रात्री क्लोरीन, प्रोपेनचे टँकर घेऊन जाणारी मालगाडी रुळावरून घसरली, स्फोट झाले, विषारी वायूची भीती, मग दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडायला लावली आणि एकही जीव गेला नाही. बाईंचा पाय मुरगळला होता तरी लंगडत लंगडत मीटिंगा नि पत्रकारांना माहिती देणं चालूच. संकटात लोकांना आपला माणूस समोर दिसायला लागतो हो, नुसतं पत्रक काढून भागत नाही.

पुढे पुढे तर प्रचारसुद्धा करायच्या नाहीत, मला पैसे देऊ नका, समाजसेवी संस्थांना द्या म्हणायच्या. किती विश्वास असेल लोकांचा!

शहर खूप पसरलं, गाडीशिवाय पान हलत नाही असं झालं, ही टीका मला पटते. बिल्डरांकडून रस्ते, पाणी, ड्रेनेजसाठी शुल्क घ्यायचं धोरण मात्र आवडलं, कारण नव्या वस्तीचा खर्च जुन्या रहिवाशांवर का टाकायचा?

2023 च्या जानेवारीत त्या गेल्या, वयाच्या 101 व्या वर्षी.