नो म्हणजे हो, ने म्हणजे नाही, आणि ने म्हणजे परत हो

आमची बस समोरून निघून गेली आणि आम्ही दोघी स्टॉपवर बघत उभ्या. झालं असं की क्राकोवहून विएलिच्काची मिठाची खाण बघायला निघालो होतो, बस आली, पाटीवर काय लिहिलंय ते नीट कळेना म्हणून शेजारच्या आजोबांना विचारलं, विएलिच्का? तर ते मान डोलावत म्हणाले, "नो, नो." आम्ही थँक्यू म्हणून मागे सरकलो. बस गेली. आजोबा आमच्याकडे असे बघतायत की या बायांना झालंय तरी काय.

नंतर हॉस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने हसत हसत सांगितलं की पोलिशमध्ये बोलताना 'नो' म्हणजे 'हो', 'हां', 'मग काय तर'. नाहीला 'न्ये'. ती स्वतः फोनवर बोलताना "नो... नो... नो, नो..." करत होती तेव्हा मला आदल्या दिवशी वाटलेलं की समोरच्याला बिचाऱ्याला काहीच मिळत नाहीये. ती तर नुसती हुंकार भरत होती, आपली आई मावशीशी बोलताना "हं... हं... हो ना..." करते तसं.

तर ही 2023 च्या सप्टेंबरातली आमची ट्रिप. मी आणि ताई, पोलंडमधलं क्राकोव, चेक प्रजासत्ताकातलं प्राग, बल्गेरियातलं सोफिया, ग्रीसमधलं थेसालोनिकी. खाण दुपारच्या बसने बघितलीच, जमिनीखाली 101 मीटरवर अख्खं चर्च, झुंबरंसुद्धा मिठाची, 1978 मध्ये युनेस्कोची पहिली यादी आली तेव्हापासून त्यात आहे. पण त्यावर इंटरनेटवर हजार ब्लॉग आहेत, मला त्या 'नो'चंच लिहायचंय कारण त्याने पुढे बारा दिवस आमचा पिच्छा सोडला नाही.

प्रागला 'हो'ला 'अनो' म्हणतात. म्हणजे आपल्या कानाला त्यात नो आहेच, आणि बोलताना घाईत पुढचा अ गळतो आणि परत 'नो' उरतो. तिथले राजकीय नेते आंद्रेय बाबिश यांच्या पक्षाचं नावच अनो, पूर्ण नाव 'असंतुष्ट नागरिकांची कृती' अशा अर्थाचं आहे आणि त्याची आद्याक्षरं घेतली की 'हो' तयार होतं, ही आयडिया मला भारी वाटली. असंतुष्ट लोक आणि नाव 'हो'! आणि चेकमध्ये नाहीला 'ने'. हे 'ने' लक्षात ठेवा.

आता एक मागची गोष्ट. क्राकोवला आम्ही रविवारी उतरलो होतो आणि दूध-ब्रेड घ्यायला गेलो तर सुपरमार्केट बंद. 2018 पासून पोलंडमध्ये रविवारच्या दुकानांवर कायद्याने बंधनं आहेत, वर्षातले मोजके रविवार सोडले तर मोठी दुकानं बंदच. रविवारला तिथे 'न्येजेला' म्हणतात. प्रागला 'नेद्येले'. सोफियात भर चौकात स्वेता नेदेल्या नावाचं चर्च आहे, आणि बल्गेरियनमध्येही नेदेल्या म्हणजे रविवारच. शब्दाची फोड साधी आहे, ने म्हणजे नाही आणि पुढचा भाग 'काम करणे' या जुन्या स्लाव्ह (पोलिश, चेक, बल्गेरियन, रशियन ज्या कुळातल्या, त्या) क्रियापदातून आलेला, म्हणजे 'काम नाही'चा दिवस. सोमवार म्हणजे 'काम नाही'च्या नंतरचा, पोलिशमध्ये पोन्येजाउएक, बल्गेरियनमध्ये पोनेदेल्निक. आणि गंमत रशियनची, तिथे हाच शब्द अख्ख्या आठवड्याला लावतात! सुट्टीचा दिवस वाढत वाढत आठवडा झाला, आणि खऱ्या रविवारला त्यांनी येशूच्या पुनरुत्थानाचं नाव दिलं. ताई सरकारी नोकरीत आहे, तिला रशियन पद्धत पटली.

हे नेदेल्यातलं ने, पोलिश न्ये, चेक ने आणि आपलं 'न', 'नाही' हे सगळं एकाच जुन्या मुळाचं, संस्कृतातला 'न' त्याच घरातला, इंग्लिश 'नो' पण. म्हणजे स्लाव्ह देशांत आपण एका अर्थी भावकीत फिरत होतो. पण पोलिश 'नो'चा या घराशी संबंध नाही, तो नुसता चेहऱ्याने सारखा. बल्गेरियनमध्ये अजून एक 'नो' आहे, त्याचा अर्थ 'पण'. असो.

सोफियात शब्द नाही, मानेने घात केला. बल्गेरियात हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना वर-खाली. हे वाचून गेलो होतो तरी फसलो. सकाळी बानित्साच्या दुकानात, बानित्सा म्हणजे पातळ पापुद्र्यांची चीज भरलेली गरमागरम पेस्ट्री, सोबत आयरन म्हणजे आपलं ताकच, तर मी विचारलं की यात मांस नाही ना? बाईने छान हसून मान आडवी हलवली. आता हे "हो, नाही" का "नाही, आहे"? प्रश्नच माझा चुकलेला. आणि तिकडची तरुण मुलं परदेशी माणूस दिसला की मुद्दाम आपल्यासारखी मान हलवतात, त्यामुळे समोरचा कुठल्या नियमाने चाललाय ते कळत नाही. त्यात आम्ही मराठी, आमची मान ना धड आडवी ना उभी, तिरकी डुलणारी. बाई आमच्याकडे बघतायत, आम्ही बाईंकडे. शेवटी तिने "दा, दा, सिरेने!" म्हटलं (दा म्हणजे हो, सिरेने म्हणजे पांढरं खारट चीज) आणि सगळ्यांची सुटका झाली.

सोफियाहून थेसालोनिकीला बसने गेलो. कुलाताच्या बॉर्डरवर पासपोर्टवर शिक्के, तेव्हा बल्गेरिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नव्हता पण मल्टिपल एंट्री शेंगेनवर चालून जायचं. इतके दिवस ने म्हणजे नाही हे डोक्यात घट्ट बसलेलं, आणि ग्रीसमध्ये पाऊल ठेवताच 'ने' म्हणजे 'हो'! हॉटेलच्या काकांना विचारलं रूम तयार आहे का, "ने, ने." आम्ही बॅगा घेऊन बाहेर बाकावर बसलो. वीस मिनिटांनी काकाच बाहेर आले.

हे ग्रीक 'ने' स्लाव्ह ने-चं कोणी नाही, प्राचीन ग्रीकमध्येही ते होकारासाठीच होतं. वर लिहितात एन-ए-आय अशी अक्षरं. एटीएमवर मी चुकून ग्रीक भाषा निवडली, शेवटी दोन बटणं आली, एकावर ते 'नाय', दुसऱ्यावर ओ-एक्स-आय. आमचं माहेर रत्नागिरीचं, नाय म्हणजे नायच, दाबलं. एक्स्ट्रा चार्ज मी कबूल केला होता हे पावती बघून कळलं. नाहीला ग्रीकमध्ये 'ओही', तेच ते ओ-एक्स-आय. याच शब्दाची तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते, 28 ऑक्टोबरला, 1940 साली इटलीने सैन्य आत घेऊ द्या म्हणून निर्वाणीचा खलिता दिला आणि पंतप्रधान मेताक्सास यांनी नकार दिला. गंमत म्हणजे त्यांचं उत्तर होतं फ्रेंचमध्ये, "म्हणजे मग युद्धच", ओही हे लोकांनी केलेलं भाषांतर.

रात्री मी ताईला म्हटलं काय येडे लोक आहेत, हो का नाही एवढं तरी सरळ बोलावं. ती म्हणाली, "तू मघाशी आईला फोनवर काय म्हणालीस? 'हो ना, येते ना, जेवले ना!' तीनदा ना म्हणालीस." आता यावर काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठी व्हाइट टॉवरपाशी कुलुरी घेतली, तीळ लावलेली ब्रेडची कडी, क्राकोवला निळ्या गाड्यांवर ओबवाझानेक मिळतं त्याचीच चुलत बहीण. विकणाऱ्याने एक पिशवीत टाकून दुसरी हातात घेतली आणि भुवया उंचावून विचारलं. मी ने म्हणू का ओही म्हणू का नो, डोक्यात जुळवतेय, तेवढ्यात ताईने मान किंचित मागे टाकून, आजी करायची तसं, जीभ टाळूला लावून नुसतं "च्च" केलं.

त्याने दुसरी कुलुरी परत ठेवली.